म्यूझकाठचे पिस्तुलांचे गाव

मागच्या दिवाळीतली गोष्ट. नातवाने टिकल्यांचे नवे पिस्तूल आणले होते. काळे कुळकुळीत, प्लास्टिकचे, वजनाला पिसासारखे. सकाळपासून घरातल्या प्रत्येकाचा त्याने किमान दोनदा तरी बळी घेतला होता. दुपारी फराळाच्या ताटाशी बसलो असताना मला काय लहर आली कोण जाणे, माळ्यावरची ट्रंक खाली काढून मी माझे लहानपणचे पत्र्याचे पिस्तूल शोधून काढले. रंग उडालेला, मुठीला गंज चढलेला. पण चाप ओढला की घोडा अजूनही खटकन पडत होता. नातवाने ते हातात घेऊन तोलून पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, हे भारी आहे."

आजकालच्या मुलांच्या तोंडी 'भारी' म्हणजे उत्तम. त्याला वजन म्हणायचे होते की गुण, हे मला कळले नाही. मी तसे विचारताच त्याने मलाच उलट विचारले, "मग तुम्हीच सांगा ना, चांगलं कुठलं? हे का माझं?"

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर मला यायला हवे होते. सैन्याच्या नोकरीत माझी पंचवीसएक वर्षे गेली. त्यातली बरीचशी कमरेला पिस्तूल लटकावून गेली. पण ऐन वेळी सुचेना. "दोन्ही चांगली," असे काहीतरी गुळमुळीत बोलून मी चकलीकडे वळलो. प्रश्न मात्र मनात राहिला. आणि या उन्हाळ्यात तो मला थेट बेल्जममधल्या लिएज गावी घेऊन गेला.

माझा भाचा ब्रुसेल्सला असतो. "मामा, मामीला घेऊन एकदा याच," असा त्याचा तीन वर्षांचा धोशा होता. गेलो. चारचौघांनी पाहायचे ते सगळे पाहून झाले. मग मी हळूच म्हटले, "मला लिएजला जायचं आहे." भाच्याला नवल वाटले. तिकडे सहसा कोणी पाहुणा जात नाही. आमच्या सौभाग्यवतींना मात्र नवल वाटले नाही. "अहो, तिथं बंदुका होतात, हो ना? तरीच!" एवढेच त्या म्हणाल्या.

ब्रुसेल्सहून आगगाडीने तासाभरात लिएज येते. उतरल्याबरोबर डोळे दिपतात ते स्टेशनानेच. कालात्राव्हा नावाच्या स्पॅनिश वास्तुशिल्प्याने बांधलेले हे स्टेशन २००९ साली उघडले. त्याला भिंती अशा नाहीतच. पोलाद आणि काच यांची एक प्रचंड पांढरी कमान गाड्यांवर धरलेली आहे. बाहेर पडावे तर गाव मात्र जुने, विटांचे, थोडे काजळी धरलेले. मधून म्यूझ नदी संथ वाहते. एके काळी इथे कोळशाच्या खाणी होत्या, लोखंडाच्या भट्ट्या होत्या. कोळसा, लोखंड आणि नदी ही तिन्ही एका जागी आली की माणूस नांगर करतो, नाहीतर बंदुका करतो. लिएजने बंदुका केल्या.

आणि केल्या त्या घरोघरी. हे मला ठाऊक नव्हते. गेल्या शतकाच्या मागच्या शतकापर्यंत इथे मोठा कारखाना असा नव्हताच. एका घरात नळी घडायची, दुसऱ्या घरात कळ, तिसऱ्या घरात लाकडी दस्ता, चौथ्यात नक्षी. शेजारच्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यातले लोहार लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, ठोकून नळ्या करीत. तिच्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आपोआप उमटे. पाठीला वेताची लांबट डालगी बांधलेल्या बायका या घरातून त्या घरात हे सुटे भाग वाहून नेत. कोळसाही त्याच वाहत आणि भाजीही. आपल्याकडे विणकर पेठांतून जसे सूत एकाचे, रंग दुसऱ्याचा आणि माग तिसऱ्याचा, तसाच हा प्रकार.

गावातल्या बाजारचौकात एक दगडी खांब आहे. त्याला पेरों म्हणतात. हा लिएजकरांच्या स्वातंत्र्याचा खांब. पंधराव्या शतकात बर्गंडीच्या शार्ल ड्यूकने गाव जिंकले, तेव्हा त्याने लोकांना धडा शिकवण्यासाठी हा खांबच उचलून ब्रुजला नेला होता. ड्यूक मेल्यावर १४७८ मध्ये तो परत आणला. या खांबाचे एवढेसे चित्र इथल्या बंदुकांच्या नळ्यांवर ठोकलेले असते. ती खूण म्हणजे परीक्षा पास झाल्याची. १६७२ सालापासून गावाचा नियम असा की, नळी विकण्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून पाहायची. फुटली तर कारागिराचे नुकसान. टिकली तर तिच्यावर गावाची मोहोर. ही परीक्षा घेणारी संस्था लिएजला आजही आहे. सौभाग्यवतींना ही गोष्ट फार आवडली. "आपल्याकडे कुकर असा तपासून देतात का हो?" असे त्यांनी विचारले. मी ऐकू न आल्यासारखे केले.

नदीकाठी कुर्तियुस नावाच्या माणसाचा लालभडक वाडा आहे. हा मनुष्य सतराव्या शतकाच्या तोंडाशी तोफांची दारू विकून गबर झाला. त्याचा वाडा आणि आसपासची जुनी घरे मिळून २००९ साली मोठे संग्रहालय केले आहे. त्यातल्याच एका घरात नेपोलियन दोनदा उतरला होता, १८०३ मध्ये आणि १८११ मध्ये. या घरात १८८५ पासून शस्त्रांचा संग्रह आहे. म्हणजे दारूवाल्याच्या पैशाचा वाडा, नेपोलियनचा मुक्काम आणि शेजारी बंदुका. स्थानमाहात्म्य यापेक्षा अधिक ते काय असणार!

आत शिरलो आणि वेळ कसा गेला कळले नाही. आरंभी चकमकीची पिस्तुले. त्यांच्या मखमली पेट्यांत ती जोडीने निजलेली असतात, जुळ्या बाळांसारखी. शेजारी दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, ठासायचा गज. अक्रोडाच्या मुठी, त्यांवर चांदीची वेलबुट्टी. बसल्या जागी मला आमच्या घरातल्या जुन्या पानदानाची आठवण झाली. अडकित्ता, चुनाळू, कातगोळ्या, सगळे आपापल्या खणात. जिनसा निराळ्या, पण करणाऱ्याने हात राखला नाही, ही भावना एकच.

पण ही सुंदर वस्तू होती कशी? एक गोळी झाडली की पुन्हा ठासत बसा. पाऊस आला तर कानाशी ठेवलेली दारू भिजायची. घोड्याच्या जबड्यातली गारगोटी झिजली तर ठिणगी पडायची नाही. तिला माणसाचे नखरे सांभाळावे लागत नसत. माणसालाच तिचे नखरे सांभाळावे लागत.

पुढच्या कपाटात एकोणिसावे शतक गडबड करीत येते. एकाच पिस्तुलाला मिरीच्या गिरणीसारख्या चार-सहा नळ्या; मग फिरत्या चाकाची रिव्हॉल्वरे; मग बाजूला बारीक खिळा असलेली काडतुसे, ज्यांच्या खिळ्यावर घोडा आपटला की आतली दारू पेटे. या खिळ्याच्या रिव्हॉल्वरांचा लिएजने जगभर रतीब घातला. वाङ्मयाच्या इतिहासातही हिला जागा आहे. व्हर्लेन या फ्रेंच कवीने १८७३ साली ब्रुसेल्समध्ये आपला तरुण मित्र कवी रँबो याच्यावर गोळी झाडली, ती याच जातीच्या रिव्हॉल्वराने. रँबोच्या मनगटावर निभावले. ते रिव्हॉल्वर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात चार लाखांवर युरोंना गेले. कविता लिहून दोघांना जन्मात एवढे मिळाले नसतील.

तिथेच नागाँ बंधूंचे रिव्हॉल्वर आहे. हे दोघे भाऊ लिएजचेच. रशियाच्या झारने १८९५ साली त्यांचे सात गोळ्यांचे रिव्हॉल्वर पसंत केले. घोडा चढवला की त्याचे चाक फिरून पुढे सरकते आणि नळीला चिकटून बसते. फटीतून वायू निसटत नाही. झार गेला, क्रांती झाली; तरी तेच रिव्हॉल्वर नव्या राजवटीच्या कमरेला राहिले. शस्त्रांना धनी बदललेला कळत नाही.

आणि मग एका कपाटासमोर मी थबकलो. आत एक लहानसे, चपटे, काळे पिस्तूल होते. नक्षी नाही, चांदी नाही. खिशात मावेल एवढे. १९०० सालचे ब्राउनिंग.

भाचा म्हणाला, "मामा, काय झालं? ओळखीचं आहे का?"

ओळखीचे होते; पण पाहिलेले नव्हते. ऐकलेले होते.

आमचे आजोबा नाशिकचे. १९०९ च्या डिसेंबरात ते दहा वर्षांचे होते. २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनसाहेबांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपाचा प्रयोग. साहेब आत येत असताना अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी दिले. आजोबा ही गोष्ट सांगत तेव्हा एक शब्द ते विशेष जपून उच्चारत. 'ब्राउनिंग.' सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती. इंडिया हाउसमधल्या चतुर्भुज अमीन नावाच्या स्वयंपाक्याने ती पेटीच्या चोरतळात दडवून १९०९ मध्ये मुंबईला आणली. नाशिकला वापरले ते त्यांतलेच एक. आम्हां पोरांना वाटे, ब्राउनिंग म्हणजे एखादे दैवी अस्त्र, ब्रह्मास्त्राच्या भावकीतले.

ते अस्त्र या गावचे होते. ब्राउनिंगच्या नावाने युरोपात विकली जाणारी पिस्तुले तेव्हा लिएजच्या शिवेवरच्या हेर्स्ताल गावच्या कारखान्यात होत. कोणा बेल्जन कामगाराने आपल्या कामाच्या टेबलाशी बसून कानशीने घासलेला पोलादाचा तुकडा वर्षा-दोन वर्षांत गोदाकाठी येऊन पोचला होता. काचेवर माझा श्वास साचला, तो मी रुमालाने पुसला.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आम्ही मोठे झाल्यावर. जॅक्सनसाहेब संस्कृत जाणणारा होता. लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. इथल्या लोककथा, चालीरीती तो टिपून ठेवी. त्याच्या मृत्यूनंतर त्या टिपणांचे ग्रंथही निघाले. "पोरगा देशासाठी गेला," आजोबा म्हणत, "आणि साहेबही कुणाचा तरी होताच." एवढे बोलून ते गप्प बसत. हे दोन्ही एकाच वाक्यात म्हणणारा त्या काळचा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आता थोडे ब्राउनिंगविषयी सांगायला हवे. हा जॉन ब्राउनिंग अमेरिकेतल्या युटा प्रांतातला, १८५५ चा जन्म. बाप बंदुका दुरुस्त करणारा. पोराच्या नावावर पुढे १२८ पेटंटे झाली. हेर्स्तालचा कारखाना १८८९ मध्ये निघाला तो बेल्जन सरकारला दीड लाख माउझर रायफली पुरवण्यासाठी. ते काम संपत आले, आता करायचे काय, अशा अवस्थेत कारखान्याचा माणूस अमेरिकेत गेला आणि १८९७ साली ब्राउनिंगचे पिस्तूल घेऊन आला. कल्पना अशी की, गोळी पुढे जाताना मागे जो धक्का बसतो तो फुकट का घालवायचा? त्या धक्क्यानेच पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि जाता जाता तो नवे काडतूस नळीत बसवतो. माणसाने फक्त चाप ओढायचा. फ्रेंचांत तर 'ब्राउनिंग' म्हणजेच पिस्तूल असे झाले, आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे 'डालडा' झाले तसे.

१९१० चे त्याचे पिस्तूल आणखी गुळगुळीत. त्यातलेच एक १९१४ मध्ये साराजेव्होत गाव्ह्रिलो प्रिन्सिपच्या हातात होते. ऑस्ट्रियाचा युवराज पडला आणि महायुद्ध पेटले. त्या युद्धाच्या तोफा ऑगस्टात कुठे धडाडल्या? लिएजभोवतीच्या किल्ल्यांवर. गावचे पिस्तूल जग फिरून युद्ध घेऊन घरी परत आले. त्यातले काडतूस होते आखूड नऊ मिलिमीटरचे, ब्राउनिंगनेच आखलेले. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर जे इटालियन बेरेटा चालले, त्याचे काडतूसही त्याच मापाचे. मनुष्याने एक माप ठरवावे आणि त्या मापात काय काय बसेल हे त्याला कधी कळू नये!

या कपाटाच्या पुढे माझी स्वतःची ओळख निघाली. 'हाय पॉवर' नावाचे पिस्तूल. ब्राउनिंगने १९२३ च्या सुमारास याचा आराखडा केला. पण २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्तालच्या कारखान्यातच, मुलाच्या कचेरीत, हृदयविकाराने तो गेला. राहिलेले काम शेजारच्याच गावच्या दिय्योदोने सेव्ह याने पुरे केले आणि १९३५ साली ते सैन्यात आले. मुठीत तेरा गोळ्या दोन ओळींत; त्या काळी ही चैनच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कारखाना बळकावून स्वतःसाठी हेच पिस्तूल काढले. आणि आराखडे घेऊन निसटलेल्यांच्या मदतीने कॅनडाने दोस्तांसाठी हेच काढले. एकच पिस्तूल दोन्ही बाजूंनी एकमेकांवर रोखलेले. कॅनडातला तो कारखाना युद्धानंतर कपडे धुण्याची यंत्रे करू लागला. आपल्याकडे इच्छापूरच्या कारखान्यात याच घराण्याचे पिस्तूल होते, आणि तेच माझ्या कमरेला होते.

त्याचे वर्णन मी डोळे मिटून करीन. रिकामे असताना किलोभराला थोडे कमी. नळीचा रंग मोराच्या मानेसारखा काळा-निळा. मूठ अशी की, अंधारात हात घातला तरी बोटे आपोआप जागेवर जातात. चाप थोडा जड, थोडा खरखरीत. कारण मॅगझिन काढले असता चाप चालू नये म्हणून मध्ये एक जास्तीचा भाग घातला आहे, तोही फ्रेंच सैन्याने तशी अट घातली होती म्हणून. अंगठ्याजवळ बारीकसा खटका. तो खाली दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही. घोडा उघडा; नवशिक्याच्या हाताला हमखास चिमटा काढणारा. असे हे जुन्या वळणाचे पिस्तूल. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे. भरवशाचे, थोडे किरकिरे, आणि आपल्या अटींवर वागणारे.

नवे पिस्तूल माझ्या हाती आले नोकरीच्या शेवटी, सरावाच्या मैदानावर. ते ऑस्ट्रियाचे ग्लॉक. याचा कर्ता गास्तोन ग्लॉक. आधी पडद्यांच्या दांड्या आणि चाकू वगैरे करणारा मनुष्य, पिस्तूल त्याने पूर्वी कधी केलेच नव्हते. म्हणूनच की काय, त्याला जुन्या चालीरीती आड आल्या नाहीत. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचे पिस्तूल घेतले. खालचा सांगाडा प्लास्टिकचा. एकंदर भाग चौतीस. मुठीत सतरा गोळ्या. गंजत नाही, चिखलात पडले तरी रुसत नाही. बाहेर घोडा नाही, खटका नाही. राखणदार आहे तो चापातच बसवलेला. बोट चापावर नीट बसले की तो बाजूला होतो. उचला आणि झाडा. मी झाडले, आणि माझा नेम वीस वर्षांच्या सवयीच्या पिस्तुलापेक्षा चांगला आला. खरे सांगायचे तर थोडा राग आला.

दिसायला ते अगदीच ठोकळा. त्याच्यावर प्रेम करावे असे काही नाही. पण संग्रहालयात त्या जुन्या कपाटांपुढे उभे राहिल्यावर मला एक गंमत कळली. नव्याचे अंतरंग उघडले तर आत म्हातारा ब्राउनिंगच बसलेला आहे! गोळी सुटताना नळीचे मागचे टोक किंचित खाली झुकून वरच्या भागापासून सुटते, ही युक्ती त्याचीच. उघड्या घोड्याऐवजी आत दडलेली स्प्रिंगची सुई, ही तर त्याच्या १९०० च्या आणि १९१० च्या पिस्तुलांतही होती. हाय पॉवरच्या पहिल्या नमुन्यातही होती. म्हणजे ज्याला आपण नवे म्हणतो तो त्याचा पणतू, फक्त आजोबांची शेरवानी टाकून टेरिकॉटची पँट घातलेला. खुद्द हेर्स्तालनेही प्लास्टिकच्या अंगाची, वीस-वीस गोळ्यांची पिस्तुले काढली. जुने हाय पॉवर २०१७ च्या सुमारास तिथे बंद केले, आणि गंमत अशी की, लोकांचा जीव अडकलेला पाहून २०२२ मध्ये त्याच नावाने नवे काढले.

मग फरक कशात? भाच्याने विचारले तेव्हा मला एक रात्र आठवली, आणि आजवर घरात न सांगितलेली गोष्ट तोंडून निघून गेली.

डोंगराळ सीमेवरची चौकी. थंडी अशी की, श्वास मिशांवर गोठावा. दोन दिवसांपूर्वीच गोळीबार होऊन गेला होता. रात्री दोनच्या सुमारास मी फेरीवर असताना दगडांच्या आडून एक आकृती पुढे आली. मी हटकले. उत्तर नाही. पुन्हा हटकले. आकृती पुढेच. मी पिस्तूल काढले आणि अंगठ्याने खटका खाली दाबला. हातात जाड लोकरी मोजे. अंगठा घसरला. पुन्हा दाबला, पुन्हा घसरला. तेवढ्यात त्या आकृतीला खोकल्याची उबळ आली, आणि तो खोकला मी ओळखला. आमच्या चौकीवर रॉकेलचे डबे पोचवणारा गावातला पोरगा होता. चौदा-पंधरा वर्षांचा; कानटोपी घट्ट बांधलेली, म्हणून माझे हटकणे त्याला ऐकूच गेले नव्हते. तापलेल्या आईसाठी औषध मागायला आला होता.

अर्धा क्षण. माझा अंगठा अर्धा क्षण घसरला म्हणून तो पोरगा घरी गेला. त्या रात्री हातात नवे पिस्तूल असते तर? बोट चापावर होतेच. नवे पिस्तूल मला एकदाही विचारत नाही, "साहेब, नक्की ना?" जुने विचारते. पण याच्या उलटही झाले असते, हे मी सैनिक म्हणून विसरू शकत नाही. आकृती शत्रूची असती, तर त्याच अर्ध्या क्षणात मी गेलो असतो, आणि ही दिवाळी माझ्या घरी निराळी झाली असती.

भाचा काही बोलला नाही. सौभाग्यवती तर मुळीच नाही. तीस-पस्तीस वर्षांत ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी फक्त विचारले, "त्याची आई वाचली का हो?" वाचली होती. तेवढे सांगता आले.

दुसरा दिवस रविवारचा. नदीकाठी 'ला बात' नावाचा आठवड्याचा बाजार भरतो. चीज, फुले, कोंबड्या, जुने कपडे. आपल्या जुन्या बाजाराची कळा तशीच. साखरेचे खडे घातलेले गरम वाफल हातात घेऊन आम्ही एका बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. भाच्याच्या फ्रेंचमधून गप्पा सुरू झाल्या. बाई हेर्स्तालच्या, तरुणपणी कारखान्यात होत्या. १९६६ च्या संपाची गोष्ट त्यांनी सांगितली. तिथे यंत्रांवर काम करणाऱ्या तीनेक हजार बायका होत्या, तेलाने निथळणाऱ्या, त्यांना 'यंत्रबाया' म्हणत. त्यांचा पगार पुरुषांपेक्षा कमी. 'सारख्या कामाला सारखा दाम' म्हणून फेब्रुवारीत त्या बाहेर पडल्या आणि बारा आठवडे आत गेल्या नाहीत. मागितले त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक पदरात पडले. पण युरोपभर त्या घोषणेचा आवाज पोचला.

मी विचारले, "पिस्तुले चांगली व्हायची का हो तेव्हा?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मी अकरा वर्षे एकच भोक पाडलं. सबंध पिस्तूल मी सिनेमातच पाहिलं."

दुपारी आम्ही बसने हेर्स्तालला गेलो. लाल विटांच्या चाळीवजा घरांच्या रांगा आणि मध्ये कारखान्याची लांबच लांब भिंत. आत कोणाला सोडत नाहीत, आणि रविवार असल्याने आवाजही नव्हता. हा कारखाना आता वालोनी प्रांताच्या सरकारचा आहे. म्हणजे शाळा, रस्ते आणि पिस्तुले यांची मालकी एकाच जनतेची. कुठल्या देशाला विकावे, कुठल्या नाही, यावर तिथे वरचेवर वाद होतात, असे भाचा म्हणाला. वाद व्हायलाच हवेत. बंद फाटकासमोर उभे राहून मी त्या एका वीस पिस्तुलांच्या पेटीचा विचार करीत होतो, जी कुणाची परवानगी न घेता गेली.

संध्याकाळी डोंगरावर जाणाऱ्या ३७४ पायऱ्या चढलो. सौभाग्यवतींनी त्या मोजल्या; त्यांच्या हिशेबात दोन जास्त भरल्या. वरून गाव दिसत होते. नदी, पूल, चर्चचे मनोरे, आणि दूर हेर्स्तालच्या बाजूला धुरकट छपरे. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "ती खांबाची मोहोर आहे ना, तिचा मी कालपासून विचार करतेय. दारू जास्त भरून बघतात म्हणालात. म्हणजे झाडणाऱ्याच्या हातात फुटू नये म्हणून. मागच्या माणसाची साडेतीनशे वर्षं इतकी काळजी घेतात. पुढच्या माणसासाठी काही परीक्षा नाही का हो?"

मी म्हटले, "तिला मोहोर नसते. ती मागच्या माणसानेच घ्यायची."

परत आल्यावर नातवाने पहिला प्रश्न विचारला तो चॉकलेटचा. दुसरा त्याच्या राहिलेल्या उत्तराचा. पोरे विसरत नाहीत. मी त्याला म्हटले, "बाळ, नवं जास्त चांगलं चालतं. जुनं जास्त चांगलं दिसतं, आणि हातात जड लागतं. हातात काय धरलंय हे त्या वजनानं लक्षात राहतं. तुझं हलकं आहे, म्हणून ते तुलाच लक्षात ठेवावं लागेल."

त्याला कितपत कळले, देव जाणे. त्याने दोन्ही पिस्तुले दोन हातांत घेतली, थोडा वेळ तोलली. मग प्लास्टिकचे खिशात घातले आणि पत्र्याचे माझ्या हातात परत दिले. यंदाच्या दिवाळीसाठी मी त्याच्या घोड्याला तेल घालून ठेवले आहे.